नोदिरच्या नावची भाकर

"उत्तरेश्वर काका कुठंयत?" असा धनश्रीचा आवाज मांडवाच्या बाजूने आला, आणि उत्तरेश्वर हातातला झारा तसाच कढईत सोडून कांद्याच्या पोत्यांमागे जाऊन बसला.

सेहेचाळीस वर्षांचा गडी. केज तालुक्यात आचारी म्हणून नाव. पाचशे पानं एकट्याच्या जिवावर उठवणारा माणूस, आणि बसला कसा, तर मास्तरांनी पाढे विचारल्यावर बाकाखाली शिरणाऱ्या पोरासारखा. कढईतली बुंदी करपायला लागली. पलीकडे पुऱ्या लाटत बसलेली त्याची बायको संगीता उठून धावली, झारा उचलला, बुंदी काढली आणि मग पोत्यांमागे वाकून बघितलं.

"अवो, हे काय? कावून बसलाव हितं?"

"पोटात कळ आली."

"पोटात कळ आल्यावर माणूस आडवं पडतंय. लपत न्हाई."

"गप बस की जरा. गेली का ती?"

"कोण? धनुताई? अवो, तिच्याच सत्काराचं जेवण हाय, ती कुठं जाईल?"

खरंच होतं. युसूफ वडगावच्या अर्जुनरावांची ही मुलगी. अर्जुनराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांच्या शब्दाशिवाय गावात पोळ्याचा बैलसुद्धा मिरवत नाही. मुलगी सात वर्षं परदेशात राहून डॉक्टर होऊन आली, तेव्हा जेवणावळ होणारच होती. आणि मुलीने अट घातली होती की स्वयंपाक करायचा तो उत्तरेश्वर काकांनीच. कारण ती जिथे शिकली त्या ओश शहरात, पोरांच्या मेसमध्ये, पहिली दोन वर्षं ती त्याच्याच हातचं जेवली होती.

उत्तरेश्वरने आधी "दुसरं काम धरलंय" म्हणून बघितलं. अर्जुनराव हसले. "उत्रेश्वर, गावात राह्यचंय ना बे?" एवढंच म्हणाले. विषय संपला.

धनश्रीने त्याला शोधून काढलंच. "सापडलात! माझ्यापासून लपताय का काका?" म्हणत ती सरळ त्याच्या पाया पडायला वाकली. अर्जुनरावांची लेक मेंढक्याच्या पोराच्या पाया पडतेय म्हटल्यावर वाढपी बघायला लागले. उत्तरेश्वर पटकन मागे सरला. तिने पाया पडावं असे आपले पाय नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"आपा कशी हाय?" त्याने विचारलं. न विचारावं तर तेही डोळ्यावर आलं असतं.

"तुम्हीच विचारा ना तिला. शेवटची तीन वर्षं मी तिच्याच घरी राहिले, तुमच्याच खोलीत. निघताना तिनं मला काही मागितलं नाही, फक्त म्हणाली, उत्तरशी बोलणं करून दे. मी शब्द दिलाय काका. पहिली पंगत उठली की व्हिडिओ कॉल लावते. तुम्ही फोन नंबर काय बदलला, पाच वर्षं बिचारी विचारतीय."

ती गेली. पंगत उठायला दोन तास होते. उत्तरेश्वरने तोंडावर पाणी मारलं आणि वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, जिरं जळालं, त्याला वास आला नाही. दोन तासांनी आपल्याला त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार, हे एकच त्याच्या डोक्यात होतं.

ही आपा कोण, तर करोमत तिचं नाव. साठीची उझबेक बाई.

उत्तरेश्वरचा बाप मेंढरं राखायचा. चराईची रानं गेली, मेंढरं सत्तरची सात झाली, आणि उत्तरेश्वर लातूरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागला. तिथून एका एजंटाने त्याला उचलला तो थेट किर्गिझस्तानात, ओशला नेऊन सोडला. तिकडे आपल्याकडची डॉक्टरकीची पोरं ढिगाने. त्यांना वरणभात कोण घालणार? २०१७ साल होतं. मेसमागच्या मोहल्ल्यात करोमत आपाच्या घरी त्याला खोली मिळाली.

देश किर्गिझांचा, पण आपाचे लोक उझबेक. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात नांदलेले. मग कोणीतरी नकाशावर रेघ ओढली, उझबेकिस्तान रेघेच्या पलीकडे गेला आणि हे अलीकडे राहिले. उत्तरेश्वरला हे समजायला अवघड गेलं नाही. त्याचा आजा सांगायचा, निजामाच्या राज्यात अमुक ओढ्यापर्यंत आपलं आणि पलीकडे इंग्रजाचं. सोयरे पलीकडे, मेंढरं अलीकडे. फरक एवढाच, की ओशमध्ये २०१० साली दंगल पेटली. शेजारी शेजाऱ्यावर उठला. उझबेकांच्या गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. आपाचं घरही त्यात गेलं. नवरा त्या धक्क्याने वर्षभरात वारला. एकुलता एक पोरगा नोदिर, त्याने घरावर पुन्हा छप्पर घातलं, आणि २०१२ साली बांधकामावर रशियाला गेला. पुढची चार वर्षं त्याचे फोन येत होते. मग यायचे बंद झाले.

भाषेची अडचण वाटेल म्हणून उत्तरेश्वर घाबरला होता. पण मराठवाड्याचं माणूस, त्याच्या तोंडात अर्धे शब्द तसलेच. प्याजला ते पियोज म्हणायचे, बाजारला बोजोर, आसमानला ओसमोन. बाकीचं हाताने. पहिल्या दिवशी आपाने त्याला चहा दिला तो पेल्याच्या तळाला ओला करण्यापुरता. उत्तरेश्वरला असा राग आला! 'आमच्याकडं दारावरच्या गोसाव्यालाबी भरून देतेत,' असं तो मनात म्हणाला. महिन्याने कळलं, की पाहुण्याला थोडा थोडा चहा पुन्हापुन्हा ओतणं हाच तिकडचा मान. भरून दिला म्हणजे पी आणि चालू लाग.

आणि भाकरीचा मान तर विचारू नका. तिकडची नान, तंदुरातली, जाड काठाची, मध्ये खिळ्यांच्या शिक्क्याने टोचून नक्षी काढलेली. आपाच्या नानीवर काळे तीळ. ती सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची. पालथी ठेवायची नाही. तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावायचा. उत्तरेश्वर गावी परत आला तरी ही खोड राहिली. संगीताने टोपल्यात भाकर पालथी टाकली की हा उठून उताणी करायचा. संगीता म्हणायची, "भाकरीला काय धाप लागलीय का?"

आता घडलं ते असं.

२०१९ चा जानेवारी. बर्फ गुडघाभर. उझगेनला आपाची बहीण वारली, आपा तीन दिवसांसाठी तिकडे गेली, आणि घरामागच्या दोन मेंढ्या उत्तरेश्वरवर सोपवून गेली. उत्तरेश्वरला केवढा आनंद! तिकडची मेंढी ढुंगणाशी चरबीचं गाठोडं घेऊन डुलत चालणारी, पण मेंढी ती मेंढीच. किती वर्षांनी हाताला लोकरीचा वास लागला होता.

दुसऱ्याच दिवशी तांबड्या डोक्याची मेंढी व्याली. जुळं. आणि व्यायल्यावर तिने मान टाकली. उठेना, चारा तोंडात घेईना. उत्तरेश्वरची पाचावर धारण बसली. बाईने विश्वासाने जनावर सोपवलंय, आणि आपल्या हातात मरतंय! त्याला आईची आठवण झाली. अशी मेंढी थकली की आई काय करायची? शिंक्यावरची वाळकी भाकर घ्यायची, गरम पाण्यात गुळासोबत कालवायची आणि हाताने चारायची. मेंढक्याच्या घरात वाळकी भाकर कधी वाया जात नाही, ती जनावरांचीच. म्हणून तर टांगून ठेवतात.

तो वाळकी भाकर शोधत घरात शिरला. आणि आतल्या खोलीत, भिंतीवरच्या खिळ्याला, पांढऱ्या फडक्यात बांधलेली भाकर टांगलेलीच होती! उत्तरेश्वर मनात म्हणाला, वा रे वा, माणसं सगळीकडं सारखीच. सोडून बघितली. दगडासारखी वाळलेली. एका बाजूने कोणीतरी एकच घास चावलेला. पोराटोराने चावून टाकली असेल, आपाने जनावराला म्हणून ठेवली असेल.

त्याने ती फोडली, मेंढीच्या घमेल्यात कढत पाण्यात साखर घालून भिजवली आणि एकेक घास मेंढीच्या तोंडात कोंबला. संध्याकाळपर्यंत मेंढी उभी राहिली. दोन्ही पिल्लं आचळाला लागली. उत्तरेश्वर त्या दिवशी शीळ वाजवत मेसला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडे उभा होता. एक बाई आपल्या विशीतल्या पोराला घेऊन आली. पोराच्या पाठीवर मोठी पिशवी. बाईने ताजी नान घेतली, पोराच्या तोंडापुढे धरली. पोराने एक घास चावला. बाईने उरलेली नान फडक्यात बांधली, छातीशी धरली आणि रडायला लागली. उत्तरेश्वरने हाताने विचारलं, हे काय? म्हाताऱ्या तंदूरवाल्याने खुणांनी आणि चार सोप्या शब्दांनी समजावलं. पोरगा रशियाला चाललाय. जाताना एक घास चावतो. उरलेली आई भिंतीला टांगते. भाकर टांगलेली आहे तोवर पोराच्या वाट्याच्या अन्नाचा शेर घरी आहे. तो परत येतो आणि स्वतःची भाकर स्वतः संपवतो.

उत्तरेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं. मेससाठी घेतलेलं हातातलं दूध बर्फात सांडलं, त्याला कळलं नाही.

तिथे त्याला दोन वाटा होत्या. आपा यायला अजून दीड दिवस होता. ती आल्यावर पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, आपा, चुकलं, मला ठाऊक नव्हतं. चूक अजाणतेपणी झाली होती, तिला माफी होती. पण भीती अशी, की माणसाला सरळ वाट दिसतच नाही. दंगलीच्या धक्क्याने नवरा गमावलेल्या, पोराच्या फोनची वाट बघणाऱ्या बाईला कसं सांगायचं, की तुझ्या पोराचा शेर मेंढीने रवंथ केला? उत्तरेश्वरने तंदूरवाल्याकडून एक नान घेतली. घरी आला. दार लावून घेतलं. आणि ज्या जागी नोदिरने चावलं होतं, अंदाजाने त्याच जागी, त्याने स्वतःच्या दाताने घास तोडला.

तो घास त्याला गिळवेना. थुंकता येईना, भाकर होती ती. शेवटी डोळे मिटून पाण्याबरोबर उतरवला.

दीड दिवस ती नान चुलीच्या धगीला वाळवली, काळपट केली, त्याच फडक्यात बांधून त्याच खिळ्याला अडकवली. आपा आली. मेंढी उभी, पिल्लं उड्या मारताहेत. आपाने उत्तरेश्वरच्या दोन्ही गालांवर हात फिरवले आणि "बोलाम" म्हणाली. बोलाम म्हणजे माझ्या लेकरा. त्यापेक्षा तिने चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे दीड वर्ष तो त्या घरात राहिला. दर शुक्रवारी आपा ते फडकं काढायची, सोडायची, भाकर कपाळाला लावायची, पुटपुटायची, पुन्हा बांधून ठेवायची. उत्तरेश्वर समोर बसलेला असायचा. आज सांगू, उद्या सांगू. दुसऱ्याच्या पोराच्या जागी आपले दात टांगून आपण इथे चहा पितोय, या शरमेने त्याला घास गोड लागत नव्हता.

मग करोना आला. २०२० च्या जुलैत पोरांना न्यायला विमान आलं आणि उत्तरेश्वरलाही त्यात जागा मिळाली. दाराशी टॅक्सी उभी. आपा आतून ताजी नान घेऊन आली आणि तिने ती त्याच्या तोंडापुढे धरली.

"चाव, बोलाम. म्हणजे परत येशील."

उत्तरेश्वर थिजला. लहानपणी एडक्याने टक्कर मारून त्याचा पुढचा एक दात अर्धा पाडला होता. तो जे काही चावेल त्याच्या मधोमध भाकरीची एक बारीक जीभ उरायची. पहिल्या नानीवर ती होती. या नानीवरही येणार. दोन्ही एकाच भिंतीला. आंधळ्यालाही हाताने चाचपून कळेल, की दोन्ही घास एकाच तोंडाचे. तेव्हा तरी सांगायचं! टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. उत्तरेश्वरने चावलं, मान खाली घातली आणि गाडीत बसला. मागे वळून बघितलं नाही.

गावी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर सिमकार्ड बदललं. लोक विचारायचे, "फॉरेनला गेलतास, तिकडं काय बघितलंस?" हा डोंगर सांगायचा, बर्फ सांगायचा, घोड्याचं मटण सांगायचा. आपाचं नाव काढायचा नाही. संगीतालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पहिली पंगत उठली. हात धुवायला नळावर झुंबड उडाली. धनश्री फोन घेऊन चुलाणामागे आली, तिथे जरा गलका कमी होता. संगीता पुऱ्यांची परात घेऊन मागेच उभी राहिली. नवरा दोन तासांत तीन वेळा भाजीत मीठ टाकायला विसरला होता, तिला आता बघायचंच होतं काय भानगड आहे ती.

फोन लागला. पडद्यावर आपा. केस पांढरे झालेले, डोक्याला तोच फुलाफुलांचा रुमाल.

"बोलाम!"

उत्तरेश्वरने हात जोडले. आपाने तिकडच्या रीतीने प्रश्नांची माळ लावली. बरा आहेस? बायको बरी? पोरं बरी? शेजारी बरे? जनावरं बरी? तिकडे असं सगळ्यांचं विचारल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. उत्तरेश्वर प्रत्येकाला मान हलवत होता. पाच वर्षांपूर्वी नंबर का बदललास, हे तिने विचारलं नाही.

"ताई," तो धनश्रीला म्हणाला, "मला आपाला एक सांगायचंय. मला त्यांच्या भाषेत जमायचं न्हाई. तुमी सांगा."

"सांगा ना काका."

"सांगा, की भितीवर हाय ती नोदिरची भाकर न्हाई. नोदिरची म्या मेंढीला घातली. आन् तिच्या जागी दुकानातली आणून, म्या चावून ठेवली."

धनश्री त्याच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं त्या घरात राहिलेली मुलगी, तिला सांगायला नको होतं याचा अर्थ काय. "काका, काय बोलताय तुम्ही? मी नाही सांगणार हे. तिला नाही सांगू शकत मी. तुम्हाला माहीत नाही, ती त्या भाकरीशी बोलते."

"माहीत हाय ताई. माझ्यासमोरच बोलायची."

मागे संगीताच्या हातातली परात खाली टेकली. पलीकडून अर्जुनरावांचा आवाज आला, "उत्रेश्वर, दुसरी पंगत बसली बे! भात येऊ दे!"

उत्तरेश्वरने धनश्रीच्या हातातला फोन स्वतःच्या हातात घेतला. जेवढे शब्द येत होते तेवढे गोळा केले.

"आपा. नोदिर... नोन... कोय येदी."

नोदिरची भाकर मेंढीने खाल्ली. चार शब्द होते, सहा वर्षं घशात अडकलेले.

"बिलामन," आपा म्हणाली.

हा शब्द त्याला येत होता. मला माहीत आहे.

मग आपा बोलत राहिली, सावकाश, आवाज न चढवता. धनश्री त्याच्याकडे न बघता एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

"ती म्हणते, उझगेनहून आले त्याच दिवशी कळलं. मेंढीच्या घमेल्याला काळे तीळ चिकटलेले होते. फडकं सोडलं तर आत दुसरी नान, शिक्का दुकानाचा. म्हणते, बाळंत जनावराला घातलीस, त्याचं मला काही नाही. नोदिर घरी असता तर त्यानंही घातली असती. त्याचीच भाकर होती ती." धनश्री थांबली. "म्हणते... पण तू दुसरी चावून का ठेवलीस? माझ्या पोराच्या नावावर परक्याचे दात. भुकेल्याला भाकर दिली, हे कोणीही सांगितलं असतं. ते लपवायला तू भाकरीवर खोटं बोललास."

उत्तरेश्वरची मान वर होईना. "भ्यालो म्हणावं."

"म्हणते, मी वाट बघितली. शुक्रवारी तुझ्यासमोर मुद्दाम फडकं सोडायचे. म्हटलं आज सांगेल."

"मग त्यांनी कावून न्हाई विचारलं? एका शब्दानं विचारलं असतं तर..."

धनश्रीने विचारलं. आपा थोडं हसली.

"म्हणते, आमच्यात म्हण आहे, पाहुणा बापापेक्षा मोठा. बापाला चोर म्हणायचं का?"

उत्तरेश्वर पोत्यावर बसला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्याला आज कळलं. त्याला वाटलं होतं त्याने एक गोष्ट लपवली. लपलेलं काहीच नव्हतं. दीड वर्ष ती बाई त्याला ताटात वाढत होती आणि तो खरं बोलेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नोदिरचा काय पत्ता?" त्याने कसंबसं विचारलं.

आपाने मान हलवली. नाही. मग तिने फोन हातात घेतला आणि अंगणाकडे फिरवला.

अंगण उत्तरेश्वरला तोंडपाठ होतं. मधोमध बसायचा लाकडी मोठा पलंग, वर द्राक्षाचा मांडव. पण आता पलंगावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या. द्राक्षाच्या वेलीला माणसाच्या उंचीपर्यंत एक पान नाही, सगळं खुडून खाल्लेलं. आणि अंगणभर मेंढ्या. मेंढक्याच्या पोराला मोजावं लागत नाही, नजर टाकली की आकडा येतो. सतरा. शहरातल्या मोहल्ल्यात, त्या एवढ्याशा अंगणात, सतरा मेंढरं! एडके, तरण्या मेंढ्या, पिल्लं, सगळी तांबड्या डोक्याची.

"एवढी कावून ठेवली? इकली न्हाईत?"

धनश्रीच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "मला तीन वर्षं हेच कळत नव्हतं काका. शेजारी भांडायचे, वास येतो म्हणून. ईदला लोक मागायला यायचे, हिनं एकसुद्धा कापू दिली नाही. मी विचारलं तर म्हणायची, ही नोदिरची आहेत. मला वाटायचं, त्यानं घेतलेली असतील." तिने नाक पुसलं. "आत्ता म्हणते, भाकर मेंढीच्या पोटात गेली, तिचं दूध झालं, दूध पिल्लांच्या अंगात गेलं, पिल्लांना पिल्लं झाली. माझ्या पोराचा शेर कोणात आहे, मला कसं कळणार? म्हणून कोणालाच हात लावत नाही."

उत्तरेश्वर हमसून रडला. वाढपी बघत होते, संगीता बघत होती. त्याने तोंड झाकलं नाही.

आपा फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथे पोत्यावर ती बसली होती, तांबड्या डोक्याची थोरली, भाकर खाल्लेली तीच. हाडं वर आलेली. आपाने तिच्याजवळ बसकण मारली आणि काहीतरी विचारलं.

"विचारते, तू मेंढपाळाचा आहेस. हिला दात राहिले नाहीत. ही अजून किती जगेल?"

"म्हणावं तोंड उघडून दावा."

आपाने मेंढीचा जबडा फाकवून फोनसमोर धरला. हिरड्या उघड्या, एक खुंट तेवढा उरलेला. उत्तरेश्वरने डोळे पुसून नीट बघितलं. कुशीची खळगी बघितली, डोळ्यातला पांढुरका पडदा बघितला. बापाबरोबर अशी कितीतरी मेंढरं त्याने पाहिली होती.

धनश्री हळूच म्हणाली, "काका, काहीतरी बरं सांगा तिला. आपलं काय जातंय?"

उत्तरेश्वरने तिच्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"किश योक, आपा," तो म्हणाला. हिवाळा नाही, म्हणजे ही यंदाचा हिवाळा काढायची नाही.

 आपाने मान डोलावली, जसं काही तिने स्वतःही हेच धरलं होतं.

"रहमत, बोलाम," ती म्हणाली. आभार मानले.

तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, तोडला नाही. शेजारची नान उचलली, हाताने मोडली, पेल्यातल्या कोमट चहात भिजवली आणि एक घास मेंढीच्या ओठांशी धरला. मेंढी सावकाश तोंड हलवू लागली. आपाने दुसरा घास भिजवला. उत्तरेश्वर पोत्यावर बसून बघत होता, फोन त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"उत्रेश्वर! भात, बे!" मांडवातून पुन्हा हाक आली.

तो उठायला गेला. संगीताने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. पदर खोचला, भाताचं घमेलं उचललं आणि ती पंगतीत वाढायला गेली.